साडूची वॉरंटी

थेरगावच्या रोहिदासने जुनी गाडी घेतली, त्याची खुशी जेमतेम आठवडाभर टिकली. कारण आठवड्याने साडू नवनाथनेही तसलीच जुनी गाडी घेतली आणि वर दोन वर्षांची वॉरंटी वाढवून घेतली.

"म्हणजे काहीही बिघडलं तरी फुकटात करून मिळणार," रोहिदासची बायको पूनम म्हणाली. "आमच्या मोनिकाचा नवरा लांबचा विचार करतो बाई."

ते 'लांबचा' रोहिदासला असं टोचलं की दुसऱ्याच दिवशी शिफ्ट बुडवून तो सर्व्हिस सेंटरला गेला, गाडी तपासून घेतली आणि तीन वर्षांची वॉरंटी घेऊन आला. साडूपेक्षा एक जास्तच.

पण नवनाथ तिथेही पुढे गेला. त्याचा एसी बंद पडला, फुकटात नवा बसला. मग स्टिअरिंग बदललं. "निम्मी गाडी नवी झाली राव!" त्याचा फोन यायचा. "तुमचं काय काय बदललं?"

"होईल की. घाई काय हाय?" रोहिदास दात आवळून म्हणायचा. त्याची गाडी साधी खोकतही नव्हती. शेवटी तो मुद्दाम चाकणच्या खड्ड्यांतून गाडी घालू लागला.

"अहो, गाडीच्या आधी मी बिघडेन!" पूनम कंबर धरून ओरडली. झालंही तसंच. तिची कंबर धरली, गाडी ठणठणीत.

रविवारी निगडीत नात्यातलं बारसं होतं. नवनाथ आणि मोनिका रिक्षाने आले. गाडी पुन्हा सर्व्हिस सेंटरला होती. जेवणं झाल्यावर हात धुताना नवनाथ हळूच म्हणाला, "खरं सांगू साडूभाऊ? माझी गाडी माझ्यापेक्षा मेकॅनिकच जास्त फिरवतो. मोनिका उठता-बसता तुमच्या गाडीचं नाव काढते. जळतो राव मी तुमच्यावर! जाताना आम्हाला सोडता का?"

रोहिदासला जेवणातल्या जिलेबीपेक्षा हे गोड लागलं. छाती काढून तो पूनमसोबत गाडीत बसला. किल्ली फिरवली.

खर्रर्र. पुन्हा फिरवली. आता तर तेवढंही नाही.

"बिघडली!" पूनम आनंदाने म्हणाली. "अहो, बिघडली! लावा ना फोन सर्व्हिस सेंटरला."

समोरून नवनाथ आणि मोनिका येत होते. रोहिदासने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, किल्ली खिशात टाकली आणि खाली उतरला.

"जेवण जड झालंय राव. बस स्टँडपर्यंत पायीच जाऊ. गाडी राहू दे इथंच, सावली चांगली मिळालीये."

पूनमने नवऱ्याचं तोंड पाहिलं, सुस्कारा सोडला आणि कंबरेवर हात ठेवून सगळ्यांच्या पुढे निघाली.

"चला बाई," ती म्हणाली, "मला तर कधीचं चालायचंच होतं."