उजव्या हाताला रजा

हाताचं दुखणं बरं करणं हा माझ्या हातचा मळ! खालापुरात भात गिरणीवर मी हिशोब लिहितो खरा, पण पोती उचलून ज्याचा हात धरला तो हमाल डॉक्टरकडे जायच्या आधी माझ्या टेबलाशी येतो. मी मनगट दाबतो, तो बोंबलतो. मी आणखी दाबतो, तो ओरडतो, "बरं वाटलं, बरं वाटलं, सोडा!" आजवर एकानंही माझ्याकडे येऊन तक्रार केलेली नाही. दुसऱ्यांदा कुणी आलंच नाही, हा भाग वेगळा!

म्हणून त्या वर्षी भीमजयंतीच्या तोंडावर आमच्या गजाचा हात धरला, तेव्हा मी बहिणीला छातीठोक सांगितलं, "अक्का, हात माझ्यावर सोड. जयंतीला पोरगा ढोलकी वाजवणार म्हणजे वाजवणार!"

गजा माझा भाचा, चंद्रभागाअक्काचा एकुलता एक. शेजारच्या चौक गावी एका गॅरेजात कामाला. त्याचे आबा, म्हणजे वडील, काळूराम, माझे दाजी, आमच्या गायन पार्टीचे गायक. आवाज असा, की दाजी नाक्यावर गायला उभे राहिले की हायवेवरचे ट्रक गिअर बदलायला लाजत! पण त्या साली दाजींच्या घशात गाठ निघाली. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावंच लागेल, माणूस राहील, आवाज राहणार नाही. दाजींनी रडारड केली नाही. एवढंच विचारलं, "जयंती झाल्यावर केलं तर चालंल का?"

डॉक्टर चालेल म्हणाले. म्हणजे जयंतीचं गाणं हे दाजींचं शेवटचं गाणं. त्यासाठी त्यांची एकच अट होती, ढोलकीवर गजा पाहिजे.

"बाकीचे ढोलकी वाजवतील रं," दाजी मला म्हणाले. "हा मला सांभाळतो. माझा श्वास कुठं तुटतो, त्याला ठाऊक हाय."

आणि सरावाला बसल्यावर गजानं पहिली थाप मारली आणि "आई गं!" करून हात काखेत घातला. मनगट तव्यावरच्या भाकरीसारखं टम्म!

"गॅरेजात पाना फिरवून झालं, मामा," गजा म्हणाला.

आता मी माणसांचाही हिशोब ठेवणारा माणूस. गॅरेज रविवारी बंद, आणि हा रविवारीही चौकला! हा आकडा काही जुळेना. पुढच्याच रविवारी मी त्याच्या मागच्या एस.टी.नं चौकला उतरलो.

गॅरेजशेजारच्या हॉटेलात एक पेटी आली होती. व्हिडिओ गेम! कपाटाएवढी पेटी, मध्ये रंगीत टीव्ही, खाली एक दांडी आणि एक लाल बटण. दांडीनं आपलं विमान हलवायचं, बटण दाबून समोरची पाडायची. पेटी अशी किंचाळत होती, जणू आत कुणी मांजरांचं लग्न लावलंय! आणि गजा त्या दांडीला असा लटकला होता, की ती सोडली तर अख्खं हॉटेल उतारानं पनवेलला घरंगळत जाईल!

"काय रं हे, गजा!"

तो दचकला. विमान पडलं. "मामा! पाडलंत ना!"

"विमान गेलं खड्ड्यात! तिकडं तुझा बाप शेवटचा गाणार आणि तू हितं हात मोडून घेतोस? आजपासून बंद!"

"नाय सुटत, मामा."

"का नाय सुटत? दारू हाय का ती?"

गजानं लाल बटणावरचं बोट उचललं. मग म्हणाला, "घरात आबा खोकतात. पडवीत गेलो तरी ऐकू येतं, आडावर गेलो तरी ऐकू येतं. हितं ह्या पेटीचा आवाज असतो."

माझं भाषण तयार होतं. ते मी चहाबरोबर गिळलं.

पण इलाजाचं काय? मी लगेच कामाला लागलो. आधी दांडी निरखली. पेटी उंच, त्यामुळे ह्याचं मनगट वर वाकलेलं. हॉटेलवाल्याकडून सोड्याच्या बाटल्यांचा रिकामा खोका मागून मी गजाला त्यावर उभा केला. "मनगट सरळ ठेव. दांडी बोटांत धर, मुठीत नको, ती काय पळून चाललीय? बटण दाबायचं, ठोकायचं नाय. आणि एक डाव झाला की हात खाली सोड, झटक, मगच दुसरा."

"खरंच बरं वाटतंय, मामा!"

मंडळी, मी तिथंच थांबलो असतो तर ही गोष्ट तुम्हाला सांगायची वेळ आली नसती. पण थांबणं माझ्या स्वभावातच नाही. माझ्यातला हिशोबनीस जागा झाला. सगळी उचल उजव्या खात्यावर आणि डावं खातं नुसतं पडून? हा कुठला कारभार!

"गजा! उजव्याला रजा, डाव्याला हजेरी! आजपासून दांडी डाव्या हातानं धरायची."

"पण मामा, ढोलकीला डावा पण लागतो. जाड्या बाजूचा घुमारा डाव्यानंच काढायचा."

"घुमाऱ्याला काय ताकद लागते रं!" मी म्हणालो. आजवर ढोलकीला मी फक्त खोळ घातली आहे, हे तुमच्या माहितीसाठी.

रजेवरच्या उजव्या हाताचीही मी सोय लावली. निर्गुडीचा पाला गरम करून लावला, त्यावर बांबूची पट्टी ठेवली आणि जुन्या धोतराच्या चिंध्यांनी करकचून बांधलं. सकाळी बोटं तोंडल्यासारखी फुगलेली!

"मामा, बोटं बधिर झाली."

"म्हणजे दुखत नाहीत ना? गुण आला!"

आठवडा संपायच्या आत डावं मनगटही भाकरी झालं. मी तेही बांधलं.

दोन्ही हातांना गाठोडी बांधलेला गजा दारात बसायला लागला आणि अक्का त्याला घास भरवायला लागली. शेजारच्या पारूबाईनं विचारलं, "काय झालं गं पोराला?"

गेमचं नाव काढायचं नाही, अशी मी अक्काला ताकीद दिलेली. ती बिचारी बोलून गेली, "सराव करून करून हात गेले."

झालं! संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं, की गजानं बापासाठी ढोलकी बडवून हात सुजवून घेतले. ही बातमी चौकला पोचली तेव्हा बोटांतून रक्त येत होतं. कळंबला पोचली तेव्हा ढोलकीच फुटली होती! कळंबचे पाहुणे कोंबडी घेऊन गजाला बघायला आले. बाया आपापल्या पोरांना गजापुढं उभं करून म्हणायला लागल्या, "बघ! ह्याला म्हणतात लेक!" गजा मान वर करीना.

मग जयंती कमिटीचा अध्यक्ष चंदर आला.

"जय भीम, दामूभाऊ. असा पोरगा अख्ख्या तालुक्यात नाय. स्टेजवर सत्कार करायचा त्याचा!"

"अहो चंदरराव, त्याचं असं आहे, की..."

"तुमचाही करू की! उपचार केले म्हणून."

"...की तुमचा आग्रहच असेल तर ठीक आहे."

तो गेल्यावर गजा म्हणाला, "मामा, मी आबांना खरं सांगून टाकतो."

"खुळा का काय तू! काल दाजी विहाराच्या पायरीवर बसून येईल त्याला तुझंच कौतुक सांगत होते. आता त्यांच्याकडं राहिलंय काय दुसरं?"

उठलेला गजा पुन्हा दारात बसला. कळंबच्या पार्टीचा ढोलकीवाला जयवंता वाजवायला तयार होता. दाजींनी हात जोडून त्याला परत पाठवला. "गजा नाय, तर ढोलकी नाय."

जयंतीच्या संध्याकाळी सत्कार झाला. गजाला शाल पांघरली, ती घसरली. गुच्छ दिला, तो धरता येईना, म्हणून चंदरनं त्याच्या कोपरात अडकवला. मला नारळ मिळाला. लोक हसले, टाळ्या पडल्या, आणि दाजी गायला उभे राहिले.

साथीला नुसती बाजाची पेटी. दाजींनी स्वतः रचलेलं गाणं सुरू केलं. आवाज चिरत होता, पण होता त्यांचाच. ओळ संपली की जिथं गजाची थाप पडायची, तिथं दाजी सवयीनं थांबायचे. तेवढी जागा सोडायचे. थाप काही पडायची नाही. मग पुढची ओळ घ्यायचे. एकदा नाही, प्रत्येक ओळीला! आणि प्रत्येक वेळी गजाच्या मांडीवरची दोन्ही गाठोडी हलायची.

गाणं संपलं. सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. एकट्या गजाला वाजवता येईनात. तो दोन्ही गाठोडी एकमेकांवर आपटत होता. आवाजच निघत नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दाजींना घेऊन मुंबईला निघालो. एस.टी. चौकला चहासाठी थांबली, ती नेमकी त्याच हॉटेलासमोर. आतून ती पेटी किंचाळत होती.

दाजी म्हणाले, "गजा, जा. एक डाव टाकून ये."

"कसला डाव, आबा?"

"विमानाचा. मला काय म्हाईत नाय व्हय? मी खोकलो की तू चपला शोधायचास. मग मी तोंडात फडकं कोंबून खोकायला लागलो. तरी तुला ऐकू यायचंच. ढोलकीवाल्याचा कान!"

"दाजी," मी म्हणालो, "मग तो सत्कार?"

"पोरगा शाल घेतोय आणि बापानं नको म्हणायचं?"

गजा उतरला नाही. त्यानं दोन्ही हात आबांच्या मांडीवर ठेवले आणि मान खाली घालून बसला. दाजी चिंध्या सोडायला लागले. गाठ सुटेना, तेव्हा दातांनी सोडली. आत मनगटावर चिंधीचे लालभडक वळ, बोटं निळी. बांधणी सैल झाली तशी ती हळूहळू उघडली. दाजींनी ती आपल्या तळव्यात धरून चोळली. मग माझ्याकडं बघितलं.

"दामू, हे तू बांधलंस? अरं, आमी ढोरंसुदिक एवढी आवळून बांधत नाय!"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. पनवेल जाईपर्यंत बघतच होतो. पुढं दाजी झोपले, उतरल्यावर भरतीची धावपळ झाली, आणि ऑपरेशन झालं. मधे माझ्याशी त्यांचा आणखी एक शब्द नाही!

गजाचे हात दवाखान्याच्या बाकावर बसून बसून आपोआप बरे झाले. कुणी काही बांधलं नाही! आज आबांच्या आवाजाचा विषय निघाला की गजा डोळे मिटतो आणि मांडीवर ठेका धरतो. त्याच्या कानात गाणं आहे. अक्काच्या कानात काय आहे, ते तिचं ती जाणे.

माझ्या कानात ती ढोरं आहेत!