हिरव्या लुगड्यातली रायफल

"पाऊस चुकंल, पर माझ्या घरची खंडेनवमी चुकायची न्हाई!" निवृत्त सुभेदार हंबीरराव म्हसवडच्या बाजारात छाती काढून सांगायचे. आमच्या माण तालुक्यात पाऊस चुकण्याचं कुणाला नवल वाटत नाही. पण खंडेनवमी मात्र खरंच कधी चुकली नव्हती! चाळीस वर्षं त्या दिवशी सुभेदारांची रायफल पाटावर बसायची. आधी तिला हळद-कुंकू, झेंडूची माळ, पुरणपोळी, आणि मग सुभेदारांना जेवण.

रायफल जुनी, विलायती. अक्रोडाचा दस्ता, निळसर काळी नळी. वडिलांच्या वेळी ती शिकारीला जायची. शिकार बंद झाली तशी सुभेदारांनी तिला निशाणबाजीच्या सामन्यांना नेलं. पुढं त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि सामनेही संपले. उरलं ते दर रविवारी तेल लावणं. दस्त्यावर चार बारीक खुणा होत्या. लेक क्रांती रांगत असताना तिनं नवे दात तिथं चालवून बघितले होते! क्रांती आता पुण्याला असते, वर्षातून एकदा येते. तेल लावताना सुभेदारांचा अंगठा त्या खुणांवर थांबायचा.

"माझ्या गुडघ्याला कवा लावताय तेल?" मनुबाई विचारायच्या.

"तुझा गुडघा गंजत न्हाई!"

यंदा विधानसभेची निवडणूक नेमकी दसऱ्याच्या तोंडावर आली. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची असतात. सुभेदारांनी रायफल मनुबाईंच्या हिरव्या लुगड्यात गुंडाळली आणि लेक सासरी धाडावी तशी ठाण्यात पोचवली. घरी येऊन रिकाम्या खुंटीसमोर बसले. जेवण जाईना. रविवारी हातात तेलाची बाटली घेऊन घरभर फिरले.

"तिला दमट भिंतीला टेकवली असंल गं," ते म्हणाले.

"आवं, ती काय बाळंतीण हाय व्हय?" मनुबाई म्हणाल्या खऱ्या, पण खंडेनवमीला त्यांनीच ताट भरून दिलं. सुभेदार ताट मांडीवर घेऊन एस.टी.त बसले.

ठाण्यात पोलिसांच्या हत्यारांची पूजा सुरू होती. मुद्देमालाच्या खोलीवर हवालदार मानसिंग होता.

"आबा, आत जायला न्हाई मिळायचं. साहेब बंदोबस्ताला गेल्यात."

"तुमच्या बंदुका लेकी, आन् माझी काय सवतीची? चाळीस वर्सांत खाडा न्हाई रं गड्या!"

मानसिंग विरघळला. "बरं. दारात आणून दावतो. पर हात लावायचा न्हाई आन् लुगडं सोडायचं न्हाई. वळख सांगा."

"हिरवं लुगडं!"

मानसिंगनं आतून हिरव्या लुगड्यातली लांबलचक वस्तू आणली आणि बाकावर ठेवली. सुभेदारांच्या डोळ्यांत आधीच मोतीबिंदू, त्यात पाणी आलं!

"वाळली गं माझी बाय! पंधरा दिसांत निम्मी झाली!"

त्यांनी लुगड्यावरच हळद-कुंकू वाहिलं. एवढ्यानं मन भरेना, म्हणून एका टोकाची फट बघून हळदीचं बोट आत सारलं. माळ घातली, पोळी ठेवली, नारळ फोडला. "निवडणूक झाली की न्यायला येतो. रुसू नगंस," असंही सांगितलं.

एवढ्यात मागून आवाज आला, "सुभेदार, सरका की! आमाला बी पूजा करायचीय!"

वळून बघतात तर अकरा जण ताटं घेऊन उभे! एस.टी.त सुभेदारांचं ताट बघून पिकाच्या राखणीच्या बंदुका ठाण्यात जमा केलेल्यांत फोन फिरले होते. मानसिंग "न्हाई, न्हाई" म्हणेपर्यंत सात नारळ फुटले. उदबत्तीच्या धुरात आरोपी खोकू लागले. कुणीतरी आरती सुरू केली आणि कोठडीतल्या एकानं टाळ्यांचा ठेका धरला!

आणि साहेब आले.

"हे ठाणं आहे की सिद्धनाथाचं देऊळ?"

आरती अर्ध्यात थांबली. साहेबांनी बाकावरच्या वस्तूला बांधलेली चिठ्ठी वाचली आणि त्यांचा चेहरा माळेतल्या झेंडूसारखा झाला.

"मानसिंग, ही रायफल आहे?"

"व्हय साहेब. हिरवं लुगडं."

"ही पहार आहे! दुकानफोडीतली! आवाज होऊ नये म्हणून चोरानं लुगड्यात गुंडाळलेली! पुराव्याला हळद कुणी लावली?"

सुभेदारांनी सावकाश हात वर केला. पलटणीत भल्याभल्यांसमोर ताठ उभा राहिलेला माणूस पहारीसमोर मान खाली घालून उभा होता.

"साहेब, मग माझी कुठं हाय?"

त्या आवाजात असं काही होतं की साहेबांचा राग निम्म्यावर आला. त्यांनी खूण केली. मानसिंगनं दुसरं हिरवं लुगडं आणलं आणि या वेळी दस्ता उघडून दाखवला. चार दातांच्या खुणा! सुभेदारांचा अंगठा आपसूक तिथं गेला. हात लावायचा नाही हा नियम कुणालाच आठवला नाही.

पण ताटात काही उरलं नव्हतं. सुभेदार घुटमळले, वाकले आणि पहारीवरचंच चिमूटभर कुंकू उचलून त्यांनी दस्त्याला लावलं.

"पुरे आता," साहेब म्हणाले, "आणि जाण्याआधी जबाब द्या. ही हळद कुठून आली ते कोर्टाला तुम्हीच सांगायचं."

निवडणूक झाली, निकाल लागला. सुभेदार दाढी करून, धुतलेला फेटा बांधून रायफल आणायला निघाले आणि त्याच दिवशी जिल्हा परिषदेची आचारसंहिता लागली! रायफल आतच राहिली. घरी आलं ते कोर्टाचं समन्स.

तेव्हापासून सुभेदार दर महिन्याला तारखेला जातात. टेबलावर पहार असते, तिच्या टोकाला अजून हळद असते. वकील विचारतात, "हिला ओळखता?" सुभेदार सुस्कारा सोडून म्हणतात, "व्हय साहेब, चांगलंच!"

खुंटी अजून रिकामीच आहे. पण तारखेला निघताना मनुबाई न विसरता तेलाची बाटली त्यांच्या पिशवीत घालतात.

"जाताच हायसा तर त्या पहारीला तरी लावून या!"