हेडक्लार्क ग्राफिक्स कार्ड बसवतात

कॉम्प्युटर आपण घरच्या घरीच सुधारू, असं हेडक्लार्क चहा पिता पिता म्हणाले आणि बायकोने हातातला कप खाली ठेवला. कोणत्या वाक्याला कप खाली ठेवायचा, हे तिला आता सरावाने कळत असे.

बायको घरी बसून लोकांच्या दुकानांचे, स्वयंपाकघरांचे आराखडे करून द्यायची. पण कॉम्प्युटर जुना. स्क्रीनवरची खोली जरा फिरवायला गेलं की तो आधी धापा टाकायचा, मग एक भिंत दाखवायचा, मग बराच विचार करून दुसरी. तेवढ्यात तिची भाजी निवडून व्हायची. आणि रविवारी दातांच्या डॉक्टरीणबाई आपल्या नव्या दवाखान्याचा आराखडा बघायला यायच्या होत्या. एवढं मोठं काम तिच्याकडे पहिल्यांदाच चालून आलं होतं.

"दुकानातून माणूस बोलावू या," ती म्हणाली.

"माणूस येऊन काय करणार? झाकण काढणार, कार्ड खोचणार, झाकण लावणार. नवा कॉम्प्युटर घ्यायला नको नि काही नको. परवडणारं एक ग्राफिक्स कार्ड घातलं की हा पळायला लागेल."

हेडक्लार्क विमा कंपनीत होते आणि दुसऱ्याच्या अर्जातल्या चुका काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. (स्वतःचा अर्ज मात्र ते आधी पेन्सिलीने भरत.) त्यांनी अभ्यास सुरू केला. कोणतं कार्ड जुन्या मशीनला चालतं, कोणतं फार वीज खातं, कोणाचा पंखा गिरणीसारखा घरघरतो, सगळं त्यांनी वाचून काढलं. ऑफिसात रजा मागायला आलेला माणूस रजेबरोबर वॉटचं ज्ञानही घेऊन जाऊ लागला.

शेवटी ते दुकानात गेले.

"पॉवर सप्लाय जुना असेल ना तुमचा?" दुकानदाराने विचारलं.

"म्हणूनच जादा वायर न लागणारं कार्ड हवं. चार जीबी मेमरी, एक पंखा, आणि किंमत जिवावर येणार नाही अशी."

दुकानदार खूश झाला. इतकं ठरवून आलेलं गिऱ्हाईक विरळा. "कॉम्प्युटरच्या डब्यात बसेल ना? हे थोडं लांब आहे."

"बसेल हो," हेडक्लार्क म्हणाले. (लांबीबद्दल त्यांनी काहीही वाचलं नव्हतं. पण इतकं बोलून झाल्यावर तसं कबूल करणं बरं दिसलं नसतं.)

रविवारी सकाळी त्यांनी टेबलावर जुनी चादर अंथरली, बाह्या सरसावल्या आणि झाकण काढलं. आतली धूळ पुसण्यात बराच वेळ गेला, पण ते काम छान जमलं. मग कार्ड आत घातलं. ते बोटभर जास्तच लांब निघालं. पुढे एक पत्र्याचा कप्पा आडवा येत होता.

"बसतंय का?" बायकोने आतून विचारलं.

"बसतंय. पत्रा जरा समजूतदार नाही."

त्यांनी पक्कड आणली. पत्रा वाकला, हेडक्लार्कांचा अंगठा सोलवटला, आणि कार्ड एकदाचं खटकन जागेवर बसलं. त्यांनी विजयी मुद्रेने बटण दाबलं. पंखे फिरले, दिवा लागला, स्क्रीन मात्र काळा ठिक्कर. पुन्हा बंद, पुन्हा चालू. तोच अंधार.

"गरम होत असेल," ते म्हणाले.

"स्क्रीन?"

"नाही, एकंदरीत."

बायकोने घड्याळाकडे बघितलं. रागावायलाही वेळ उरला नव्हता. तिने शिवणाच्या डब्यातला खडू काढला, बैठकीची खोली रिकामी केली आणि दवाखान्याचा आराखडा खऱ्या मापाने फरशीवर आखायला बसली. इथे दार, इथे बेसिन, इथे औषधांचं कपाट. मधोमध तिने आरामखुर्ची ओढली.

"यात झोपा," ती नवऱ्याला म्हणाली.

"मी?"

"पेशंट नको का? आणि तोंड उघडा."

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा हेडक्लार्क खुर्चीत आडवे होऊन आ वासून पडले होते. बाई आधी दचकल्या, मग खडूच्या रेषा बघून हसल्या आणि चपला काढून आपल्या दवाखान्यात शिरल्या. खुर्चीभोवती फिरल्या, पेशंटवर वाकल्या, वळून बेसिनकडे हात केला.

"इथे कोपर अडतंय माझं. बेसिन पलीकडे हवं."

बायकोने एक रेघ पुसली, दुसरी मारली. बाई पुन्हा वळल्या. "आता बरोबर. स्क्रीनवर हे कळलंच नसतं मला."

"कार्डचं काय झालं की—" असं हेडक्लार्क सांगू बघत होते, पण तोंड उघडं असल्यामुळे त्यातले फक्त स्वर बाहेर पडले.

"दुखतंय का?" बाईंनी आत डोकावून विचारलं. "दोन दाढा किडल्यात. येऊन दाखवा." आणि काम बायकोला देऊन त्या गेल्या.

बायको मग कॉम्प्युटरच्या मागे वाकली. "अहो, स्क्रीनची वायर अजून जुन्याच जागी आहे. ती नव्या कार्डात नको का खोचायला?"

तिने वायर बदलली. स्क्रीन लख्ख उजळला आणि त्यावरचा दवाखाना भिंगरीसारखा गरकन फिरला. हेडक्लार्क अंगठ्याला पट्टी लावत कौतुकाची वाट बघत राहिले. त्या दिवशी तरी ते आलं नाही.

काही दिवसांनी फोन ठेवता ठेवता बायको हसत म्हणाली, "येत्या रविवारी कुठे जाऊ नका. डॉक्टरीणबाईंच्या ओळखीने आणखी एक दवाखाना आलाय."

"मग स्क्रीनवर दाखव की. आता तर कसा पळतोय."

"ते म्हणाले, बाईंना दाखवलं तसंच दाखवा. पेशंटसकट."

हेडक्लार्क सुखावले. आपल्यालाही आता मागणी आहे म्हणायची. "यांचं काय, डोळ्यांचं आहे का?"

"जनावरांचे डॉक्टर आहेत," बायको म्हणाली आणि माप घेणाऱ्या नजरेने त्यांच्याकडे बघत राहिली. "गुडघ्यांवर आणि हातांवर उभे राहिलात ना, तर वासराएवढे सहज भराल."