फलाटावरची हिरव्या कोटातली बाई

मंडळी, छोट्या आगगाड्यांच्या मांडण्या करणाऱ्या आपल्या या रविवारच्या ऑनलाइन कट्ट्यावर कुणाचे डोंगर चांगले असतील, कुणाची नदी खरी वाटत असेल. पण चिकटवण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, हे मी छातीठोकपणे सांगते! चोवीस वर्षं मी बेकरीत लग्नाच्या केकवर साखरेचे नवरा-नवरी उभे करतेय. त्यातली काही लग्नं मोडली, पण केकवरचा नवरा कधी आडवा झाला नाही. रूळ, तारा, डोंगर हे सगळं मी वाचनालयातली पुस्तकं वाचून आणि तुमची बोलणी खाऊन शिकले. गोंद मात्र माझा स्वतःचा.

गेले चार रविवार तुम्ही ज्या बाईवरून माझं डोकं खाल्लंत, तिची हकीकत आज पुरती सांगून टाकते. आजच्या फोटोत मधोमध भोक का आहे, तेही त्यातच येईल.

थर्मन श्लेगल फेब्रुवारीत गेले. अडतीस वर्षं खरं इंजिन चालवलं आणि निवृत्तीनंतर वीस वर्षं तळघरात छोटं. आमचं कोल्डर्स रन गाव त्यांनी १९५७ साली होतं तसंच्या तसं उभं केलं होतं : डेपो, कोळशाची खाण, दोन चर्चं आणि त्या दोघांमध्ये एक दारूचा गुत्ता. इंजिनाच्या खिडकीत चिमुकला ड्रायव्हरसुद्धा होता. कोपर बाहेर, नजर समोर. डेपोच्या फलाटावर हिरव्या कोटातली एक बाई. बोटाच्या पेराएवढी, पण कोटाची बटणं मोजून घ्यावीत! फक्त डेपोमागचा डोंगर आणि नदी तेवढी राहून गेली होती.

जूनमध्ये थर्मनच्या बायकोचा, आयडाचा, फोन आला.

"डोरीन, मुलगी म्हणतेय टुसॉनला ये. घर विकायचं तर खालचं सगळं फोडून कचऱ्यात घालावं लागेल. मला काही ठरवता येईना झालंय. तू ते पुरं कर. पुरं झालं की एकदा बघेन, आणि मग काय ते ठरवेन."

"तोपर्यंत तुम्ही अधूनमधून बघायला येणार ना?"

"मुळीच नाही. त्याला पुरलं त्या दिवसापासून मी तळघरात पाऊल टाकलेलं नाही."

फोडून कचऱ्यात! मनाशी म्हटलं, डोरीन, असा डोंगर कर, अशी नदी कर, की बाईचा पाय या घरातून निघता कामा नये! आयडा राहिल्या तर मांडणी राहील. बाहेरून तळघरात उतरायच्या दाराची किल्ली घेतली आणि दर शनिवारी सकाळी कामाला लागले.

पहिल्या रविवारी फोटो टाकला, तुम्ही कौतुक केलंत. दुसऱ्या रविवारी टाकला आणि नेब्रास्काच्या वेंडेलचा निरोप आला. वेंडेल कसा आहे ते तुम्ही जाणताच. दुसऱ्याच्या पुलावरचे रिव्हेट मोजल्याशिवाय त्याला जेवण जात नाही.

"डोरीन, बाई चाललीय."

"कोण बाई?"

"हिरवी. मागच्या फोटोत बाकाला टेकून होती. आता रुळाखालच्या तीन स्लीपरांइतकी पुढे आलीय. मी मोजलेत."

"अरे, चार जुलैचे, स्वातंत्र्यदिनाचे फटाके झाले ना! हादऱ्याने सरकली असेल."

"एकटीच सरकली? पिशवीवाला म्हातारा नाही सरकला, कुत्रा नाही सरकला!"

शनिवारी जाऊन मी बाईच्या पायाखाली माझा खास गोंद लावला. त्याच्या एका थेंबावर गायीला भिंतीवर टांगता येईल! फोटो काढला आणि कट्ट्यावर लिहिलं, 'आता हलवून दाखवा.'

पुढच्या शनिवारी बाई फलाटाच्या अगदी काठावर होती. बोगद्याकडे तोंड करून.

मी फलाटाजवळ डोळे नेले. जुन्या जागी गोंदावर दोन इवल्याशा पावलांचे ठसे राहिले होते. कुणीतरी पाय एकेक करून उपटून काढावेत, तसे! आणि तळघरात वास येत होता. इंजिनाचं तेल आणि पाइपची तंबाखू. थर्मनचा वास. दार मी स्वतः कुलूप काढून उघडलं होतं, बरं का.

तुम्हाला फोटो दाखवला आणि कट्ट्यावर जत्राच भरली! कुणी म्हणालं उंदीर, कुणी म्हणालं खालची जुनी खाण खचतेय. एकाने पाद्र्याला बोलाव म्हणून सांगितलं. वेंडेल म्हणाला, "जमिनीवर प्लास्टरची पूड पसर. जे असेल त्याला पाय असतील तर कळेल." शेवटचं वाक्य त्याने उगीच लिहिलं! आठवडाभर मी बेकरीच्या कोठीत दिवा लावल्याशिवाय गेले नाही. एका लग्नाच्या केकवर नवरीला हिरवा झगा घातला, ते वेगळंच.

पूड पसरली. पुढच्या शनिवारी बघते तर ठसे होते! घरातल्या जिन्यापासून डेपोपर्यंत, बुटांचे, चांगले मोठे. भुताला पाय असतात म्हणून हायसं वाटावं, तर ते ठसे डेपोपाशी जाऊन संपले. परतीचं एकही पाऊल नाही. म्हणजे जे आलं होतं, ते गेलंच नव्हतं! आणि बाई मूळ बाकापाशी परतली होती, जणू गाडी चुकली म्हणून.

मी हाक मारली, "थर्मन?" माझाच आवाज डोंगराच्या पोकळीतून परत आला, जरा जाडसर होऊन. त्या दिवशी नदीत पाणी ओतायचं होतं. ते राहू दिलं आणि घरी जाऊन बटाट्याच्या सारणाचे पिरोगी उकडून खाल्ले. बारा!

पण मंडळी, काम तर संपत आलं होतं. पुढल्या रविवारी आयडा बघायला उतरणार. उतरल्या आणि त्यांच्यासमोर बाई चालायला लागली तर? त्या एक मिनिट त्या घरात राहणार नाहीत, आणि मांडणी कचऱ्यात! तेव्हा काय असेल ते शनिवारीच पकडायचं ठरवलं. भर दुपारी. नाहीतरी मी काही रात्री जाणाऱ्यातली नाही.

काल अडीच वाजता पूड झाडली, बाईला दुप्पट गोंद लावून बसवली आणि टेबलाखाली शिरले. डोंगराच्या पोकळीत डोकं, बोगद्याच्या बाजूला पाय, हातात गाडीचा रिमोट. काही दिसलं तर भोंगा वाजवून घाबरवायला. कुणाला, ते विचारू नका. पाचच मिनिटांत माझ्या केसांत डोंगराची जाळी अडकली. पुढे सरकले, आणखी अडकली. मागे सरकले तर कानावर प्लास्टरचा तुकडा पडला. केकमधून बाहेर उडी मारायला ठेवलेली बाई केकमध्येच विसरून जावी, तशी माझी गत!

तीन वाजून दहा मिनिटांनी जिना वाजला.

धप्. धप्. धप्. सावकाश. प्रत्येक पायरीवर थांबत. आधी वास आला, तेल आणि तंबाखू. मग माझ्या नाकापासून हातभर अंतरावर बूट येऊन थांबले. थर्मनचे बूट! डाव्या टोकावर लाल रंगाचा डाग. आमचा मालडबा रंगवताना माझ्याच हातून सांडलेला. थर्मनला आम्ही काळ्या चकचकीत बुटांत पुरलं होतं, मी स्वतः बघितलं होतं. म्हणजे बूट बदलायला आले की काय! मी देवाला म्हटलं, जन्मभर वेंडेलचे रिव्हेट मोजून देईन, पण हे बूट परत पाठव.

वरून आवाज आला, "आजही उशीर का रे?"

आयडा!

माझा जीव भांड्यात पडला, पण केस जाळीतच. वर टेबलावर नखं घासल्यासारखं खुरखुर झालं.

"या डोरीनला सांगायला हवं," आयडा पुटपुटल्या, "गोंद माणसाला लावते की पुलाला! माझी दुसरी नेलफाईल मोडली."

मग खुर्ची ओढल्याचा आवाज.

"थर्मन, शनिवारी तीन-दहाला तू यायचास. मी कोट घालून काठावर उभी असायचे आणि तू खिडकीतून ओरडायचास, मागे हो गं बये, मरशील! अजून तुझी वाट बघायला उतरते मी. लोकांना सांगते की नाही उतरत. तुझं जाकीट घालते, खाली गार असतं ना." बूट टेबलाच्या जरा जवळ सरकले. "मला सांग आता. जाऊ मुलीकडे? की थांबू? काहीतरी सांग रे. एवढं बोलायचास, आणि आता!"

मंडळी, माझा अंगठा भोंग्याच्या बटणावर होता.

एक छोटी शिट्टी म्हणजे थांब. तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक, आणि ड्रायव्हरच्या बायकोला तर आपल्याहून जास्त ठाऊक. एकच छोटी! आयडा थांबल्या असत्या, डोंगर राहिला असता, नदी राहिली असती. माझे सगळे शनिवार वाचले असते. मी अंगठा टेकवला. खरं सांगते, टेकवला होता.

आणि मग उचलला. बाई विचारत होती नवऱ्याला. मध्ये मी कोण?

मी तोंड उघडून "आयडा, मी आहे" असं म्हणणार, तेवढ्यात डोंगरातली पूड नाकात गेली. मला शिंक आली! साधीसुधी नव्हे, बेकरीत मैद्याचं पोतं फुटलं की येते तशी. मूठ आवळली गेली आणि वर इंजिन ओरडलं. लांब! पाठोपाठ दुसरी शिंक. पुन्हा लांब!

दोन लांब. ब्रेक सोडले, निघालो.

त्या झटापटीत रिमोटवरचं वेगाचं चाकही फिरलं असावं. गाडी हलली, बोगद्यातून बाहेर आली, फलाटाजवळून खडखडत गेली आणि वळणावर तिचा आवाज विरला.

"बरं," आयडा हळूच म्हणाल्या. "बरं, थर्मन."

मला राहवेना. "आयडा!" म्हणून ओरडले आणि उठले. केस जाळीत होतेच. अर्धा डोंगर माझ्याबरोबर वर आला! चार पाइन, एक हरीण आणि पाण्याची टाकी डोक्यावर घेऊन मी श्लेगलांच्या तळघरात उभी राहिले आणि रडायला लागले. "मी होते हो! मला शिंक आली! ते थर्मन नव्हते, ते सगळं खोटं होतं!"

आयडा थर्मनच्या जाकिटात, थर्मनच्या बुटांत, शांत बसून होत्या.

"अगं, बैस. मघापासून तुझे मोजे दिसताहेत बोगद्याच्या तोंडाखाली. बदकांचे."

"मग तुम्ही बोललात कशाला?"

"त्याच्याशी बोलत होते. तुझ्याशी कुठे?"

"पण शिट्टी मी..."

"तू दिलीस? ठरवून?"

"नाही हो! द्यायचीच असती तर उलटी दिली असती. तुम्ही थांबावं म्हणून."

"तेच तर! तुला नको असताना तुझ्या हातून वाजली." त्यांनी माझ्या डोक्यावरचं हरीण काढून टेबलावर उभं केलं. "अडतीस वर्षं त्याच्या दोन लांब शिट्ट्या ऐकल्या की मी घरी परतायचे. काठावर उभं राहायचं नसतं मग. गाडी गेलेली असते."

"आणि हे सगळं? कचऱ्यात?"

"कचऱ्यात कशाला? तू ने. मला फक्त फलाट दे."

म्हणून, मंडळी, काल संध्याकाळी आयडांसमोर, मीच पुऱ्या केलेल्या मांडणीतून मीच करवतीने डेपो कापून काढला. बाईसकट. पुसून, टॉवेलात गुंडाळून आयडांच्या मांडीवर दिला. कापलं मात्र नीट. उरलेली मांडणी आज सकाळी चर्चमधल्या चौघांनी माझ्या तळघरात आणून ठेवली. फोटोतलं भोक ते हे. गाडी सध्या तिथून एका फळीवरून जाते.

ठशांचंही विचारून घेतलं. "ते होय! फरशीवर पीठ सांडलेलं दिसलं, म्हणून परत जाताना भिंतीच्या कडेने झाडत गेले. तू मेली पसाराच फार करतेस."

"आणि पहिल्यांदा हललेली बाई? चार जुलैच्या आठवड्यात?"

आयडांनी माझ्याकडे पाहिलं. "त्या आठवड्यात मी टुसॉनला होते की गं. घर बंद होतं."

माझ्या कमरेचा घेर लक्षात घेता टेबलाला धक्का लागला असणार. मी तसं धरून चाललेय, तुम्हीही चाला.

फक्त वेंडेल, तुला एक विनंती आहे. आजचा फोटो मोठा करून बघू नकोस. गाडी फळीच्या पलीकडे गेल्यावर काढलाय. इंजिनाच्या खिडकीतला ड्रायव्हर वीस वर्षं समोर बघत बसला होता. आता तो मान वळवून भोकाकडे बघतोय. मी त्याला हात लावलेला नाही. तो थर्मननी चिकटवला होता, आणि त्यांचा गोंद माझ्यासारखा पक्का नव्हता, एवढंच.

तरी उद्या मी ते इंजिन खोक्यात घालून आयडांसाठी टुसॉनला पाठवतेय. नवरा-बायको एका घरात असावीत म्हणून नाही. शनिवारचे तीन-दहा व्हायच्या आत ते माझ्या तळघरातून गेलेलं बरं, म्हणून!