उमेदवार मी, नाव मेहुण्यांचं

सत्तावीस वर्षं मी पाण्याच्या पंपांच्या कारखान्यात हिशेबनीस आहे आणि सत्तावीस वर्षांत माझ्या वहीत एका पैचा फरक आलेला नाही! हे मी स्वतः सांगतोय असं समजू नका. माझे साहेबही सांगतात, फक्त ते सांगताना कपाळाला हात लावतात.

आमच्या ऑफिसात बाकीचे लोक चुकीच्या आकड्यावर पांढरं फासतात, ब्लेडनं खरवडतात, गिरवून गिरवून तिनाचा आठ करतात. मला ते बघवत नाही. चुकलेल्या नोंदीवर एकच सरळ रेघ मारायची, वर बरोबर नोंद लिहायची, शेजारी छोटी सही आणि तारीख. बस्स! नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी मी त्याला हेच शिकवतो. दुसऱ्या दिवशी तो बदलीचा अर्ज करतो, ती गोष्ट वेगळी.

तर अशा माणसाचे मेहुणे वॉर्डाच्या निवडणुकीला उभे राहिले तर खर्चाचा हिशेब कोणाकडे जाणार? मेहुणे म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. त्यांचं रंगाचं दुकान आहे आणि उमेदवारी मागून मागून त्यांची दहा वर्षं गेली होती. दोनदा पक्षानं त्यांना ऐनवेळी टांग मारली. या खेपेला तिकीट मिळालं तेव्हा माझी बायको आनंदानं रडली. आमच्या लग्नात तिच्या डोळ्यांत टिपूसही नव्हता!

"भाऊजी, हिशेब तुमच्याकडे," मेहुणे म्हणाले.

"निर्धास्त राहा," मी म्हणालो.

वॉर्डातले पक्षाचे प्रमुख हे दातांचे डॉक्टर. त्यांनी मला नियमांची एक पुस्तिका दिली. मतदानाच्या दहा दिवस आधी, संध्याकाळी पाचच्या आत, तोवरच्या खर्चाचा हिशेब निवडणूक कार्यालयात द्यायचा. एक मिनिट उशीर झाला तर उमेदवारी रद्द.

"एक मिनिट काय डॉक्टर, मी चार तास आधी जाऊन बसतो!" मी म्हणालो.

आणि खरंच, एक वाजता मी निवडणूक कार्यालयाच्या बाकावर हजर होतो. समोर खिडकी, खिडकीत कारकून, रांगेत चिटपाखरू नाही. फाईल द्यायची आणि घरी जायचं, एवढंच काम होतं. उगाच म्हणून शेवटची बेरीज मारली, तर सतराचा फरक!

पुन्हा मारली. सतरा. खालून वर मारली. सतरा! मला दरदरून घाम फुटला.

कारकून बिचारा भला माणूस होता. म्हणाला, "साहेब, द्या की तशीच. शेवटच्या पानावर फरकाचा वेगळा रकाना आहे. सगळेच भरतात."

"सगळे भरत असतील. माझा कोरा राहतो."

तीन वाजता मेहुण्यांचा फोन आला. "दिला का हिशेब?"

"देतोय. सतराचा फरक आहे."

"सतरा हजारांचा?"

"नुसता सतराचा."

"अहो, मग माझ्याकडून घ्या सतरा! सत्तर घ्या!"

"असं करता येत नाही. ते सतरा कुठले म्हणून दाखवू?"

साडेचारला बायकोचा फोन आला. तिनं जे सांगितलं त्यातलं छापण्यासारखं एवढंच, की फाईल द्या. मी म्हणालो, "दोन मिनिटं." त्यानंतर मी पावत्या बाकावर मांडल्या, बाक पुरेना म्हणून जमिनीवर मांडल्या. मंडपाच्या, रिक्षाच्या, पोस्टरच्या, चहाच्या. कारकून खिडकीतून मान काढून मला वेळ सांगत होता. पाचला पाच कमी. पाचला दोन कमी. मग तो अतिशय दुःखी चेहऱ्यानं म्हणाला, "साहेब, पाच," आणि खिडकीचं शटर खाली आलं.

पाच वाजून चार मिनिटांनी घाम पुसायला मी खिशातून रुमाल काढला, त्याबरोबर एक चिठोरी खाली पडली. सतराची पावती! सकाळी हिशेब ठेवायला जी फाईल विकत घेतली होती, तिचीच. मला इतका आनंद झाला, की मी शटरवर थापा मारून ओरडलो, "सापडले! सापडले!"

आतून आवाज आला, "साहेब, घरी जा."

दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बैठक बसली. दुसरी जागा नव्हती म्हणून मेहुणे पेशंटच्या खुर्चीत आडवे पडले होते, आणि कोणीतरी त्यांच्यावरचा दिवा चालू केला होता. त्या उजेडात त्यांचा चेहरा बघवत नव्हता. दहा वर्षांची हौस माणसाच्या तोंडावरून अशी उतरलेली मी कधी पाहिली नव्हती. मला फार वाईट वाटलं, आणि ते मी बोलूनही दाखवलं.

"तुम्ही काही बोलू नका!" मेहुण्यांच्या बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या.

डॉक्टरांनी पुस्तिका उघडली. "हे पाहा. हिशेबापायी उमेदवार बाद झाला तर पक्षाला तीन दिवसांत बदली उमेदवार देता येतो. तो याच वॉर्डातला हवा, पक्षाचा जुना सभासद हवा, आणि आधीच्या कुठल्याही निवडणुकीचा हिशेब त्याच्याकडे थकलेला नको."

वॉर्डात पक्षाचे सभासद नऊ. मेहुणे तर बादच. डॉक्टरांनी मागे वाचनालयाची निवडणूक लढवली होती, त्याचा हिशेब अजून द्यायचा होता. पोस्टरं छापणाऱ्या छापखानेवाल्यानं शाळेच्या समितीची लढवली होती, त्याच्या हिशेबाचे कागद उंदरांनी खाल्ले होते, निदान तो तरी तसंच म्हणत होता. एकेकाचं नाव खोडलं जात होतं. शेवटी नऊतला एकच उरला, ज्यानं जन्मात कुठलीच निवडणूक लढवली नव्हती आणि म्हणून ज्याचा हिशेब लख्ख होता.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"अरे, पण हे सगळं यांच्यामुळेच झालं ना!" वहिनी किंचाळल्या.

"नियमात ते कुठं बसत नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी मेहुण्यांना विचारलं, तेव्हा मेहुण्यांनी तोंड उघडून नुसताच आ केला. त्यांना रडू येत होतं, पण त्या खुर्चीत ते होकारासारखं दिसलं.

पुस्तिकेत आणखी दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे उमेदवारानं आपला हिशेब स्वतः ठेवायचा नाही. मग खजिनदार कोण? मेहुणे! बाद झालेल्यानं खजिनदार होऊ नये असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. असं कोणी करेल, हे लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आलं नसावं.

दुसरी गोष्ट जास्त भयंकर होती. मतपत्रिका आधीच छापून झाल्या होत्या. त्यामुळे नाव मेहुण्यांचंच राहणार, फुली त्याच नावापुढे मारायची, आणि मतं माझ्या खात्यात जमा!

घरी आल्यावर बायको मला म्हणाली, "दादाची जागा घालवलीत. ती परत आणाल त्या दिवशी तुमच्याशी बोलेन." आणि खरंच बोलायची बंद झाली. जेवण वाढलं की ती स्वयंपाकघरातून दादाला फोन करायची. मग दादा बाहेरच्या खोलीत मला फोन करायचे. "भाऊजी, ताटावर बसा म्हणतेय. आणि भाजीत मीठ कमी आहे, वरून घ्या." दहा दिवस मी असा जेवलो. त्यामुळे निवडून येणं हा माझ्यासाठी राजकारणाचा प्रश्न राहिलेलाच नव्हता.

नवी पोस्टरं छापायला पैसे उरले नव्हते. भिंतीभिंतीवर मेहुणे हसत होते, आणि त्यांच्या खाली मी हात जोडून उभा असायचो. शेजारी खरे मेहुणे असायचे, पण ते हसत नसायचे.

तळमजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी आम्हाला दारातच धरलं.

"म्हणजे मत तुम्हाला द्यायचं असेल तर फुली यांच्या नावावर?"

"बरोबर, बाई!"

"आणि यांना द्यायचं असेल तर?"

"तरी यांच्याच नावावर. पण ते मला मिळतं."

"आणि तुम्ही नकोच असाल तर?"

"तर लाँड्रीवाल्याला द्या," मेहुणे म्हणाले. लाँड्रीवाला म्हणजे आमच्या विरुद्ध उभा असलेला उमेदवार! मी त्यांना कोपरानं ढोसलं. तेव्हा ते भानावर आले आणि तोंडपाठ वाक्य म्हणाले, "बाई, मी उभा नाहीये. कृपा करून मलाच मत द्या."

मी मात्र जिवाचं रान केलं. जिना चढ, जिना उतर, आणि प्रत्येक दारात एकच घोष: "नाव चुकीचं वाटलं तरी घोटाळा करू नका! फुली मारा, बाकी काही लिहू नका! काही लिहिलं तर मत बाद!" आठ दिवसांत हे मी कमीत कमी दोन हजार वेळा म्हटलं असेन. आमच्या बिल्डिंगमध्ये पोपट असता तर तोही शिकला असता.

मध्येच आमच्या पुढच्या हिशेबाची तारीख आली. मेहुण्यांनी रंगाच्या दुकानातल्या पावतीपुस्तकाचा एक कागद फाडला. त्यावर चार ओळी लिहिल्या: प्रचार, किरकोळ, इतर आणि राहिलेलं. छापील नमुन्याच्या शेवटच्या पानावरच्या फरकाच्या रकान्यात लिहिलं, 'एकशे दहा, सापडल्यास कळवू.' ते अकरा वाजता गेले आणि सव्वाअकराला शिक्का मारून परत आले.

"कारकुनानं काही विचारलं नाही?" मी म्हणालो.

"विचारलं ना. तुम्ही बरे आहात का, म्हणून."

मतदानाच्या दिवशी मी सकाळी पहिल्या दहात रांगेत उभा होतो. शाळेचा वर्ग, मुलांचं बुटकं बाक, त्यावर पुठ्ठ्याचा आडोसा, दोरीला बांधलेलं पेन. ते पेन उमटेना म्हणून खिशातलं माझं काढलं. मतपत्रिका उघडली, नाव वाचलं, हात चालला, घडी घातली, पेटीत टाकली. बाहेर आलो तर मन कसं हलकं झालेलं! नेटकं काम हातून झालं की ऑफिसात जसं वाटतं, तसं वाटत होतं. का, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

मतमोजणी त्याच शाळेच्या हॉलमध्ये होती. शेवटची पेटी संपली तेव्हा निवडणूक अधिकारी बाईंनी आकडे वाचले. लाँड्रीवाला चौदाशे बारा. आम्ही चौदाशे बारा!

हॉलमध्ये एकच गलका झाला. डॉक्टरांनी मला मिठी मारली, मेहुणे टेबलावर चढायला लागले, त्यांना वहिनींनी खाली ओढलं. अधिकारी बाई म्हणाल्या, "थांबा. बाद मतं सगळ्यांसमोर पुन्हा एकदा बघू. त्यातलं एखादं धरता आलं तर निकाल लागेल."

बाद मतं सहा होती. एक कोरं. एकावर सगळ्यांपुढे फुल्या. एकावर कोणीतरी गटाराची तक्रार लिहिली होती. दोघांनी फुल्या बरोबर दोन नावांच्या मधल्या रेघेवर मारल्या होत्या. मग बाईंनी सहावं उचललं आणि चष्मा वर केला.

"चोवीस वर्षं निवडणुका घेतेय, पण असं मत पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "छापलेल्या नावावर पट्टीनं मारावी अशी सरळ रेघ आहे. वर बदली उमेदवाराचं नाव लिहिलंय. आणि शेजारी छोटी सही. तारखेसकट!"

मी खिशातलं पेन हळूच आणखी आत ढकललं.

"फुली पण आहे हो," डॉक्टर काकुळतीला येऊन म्हणाले. "मतदाराच्या मनात काय होतं ते स्पष्ट आहे!"

"मनातलं सगळं स्पष्ट आहे. पण सही केली की मतदार ओळखू येतो. मत बाद." बाईंनी कागद पुन्हा एकदा निरखला. "अक्षर मात्र सुंदर आहे हं!"

"खरंच मोत्यासारखं आहे," लाँड्रीवाला मनापासून म्हणाला.

कोणी काही विचारलं नाही. गुप्त मतदान! पण मेहुणे त्या सहीकडे बघत होते. तीच सही त्यांनी त्यांच्या द्यायच्या राहून गेलेल्या हिशेबाच्या प्रत्येक पानावर पाहिली होती. मी छताकडे बघत राहिलो. आयुष्यात पहिल्यांदाच मी माझी स्वतःची सही ओळखली नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो!"

दहा दिवसांनी बायको माझ्याशी बोलली. खोटं कशाला सांगू, त्या अवस्थेतही मला बरं वाटलं. मी उत्साहानं मागे वळलो, तिचा चेहरा पाहिला आणि पुन्हा छताकडे बघायला लागलो.

समसमान मतं म्हणून शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. शिपायाच्या टोपीतून लाँड्रीवाल्याची निघाली.

त्यानंतर आठवड्यानं मेहुणे आमच्याकडे आले. पुस्तिकेप्रमाणे शेवटचा हिशेब महिन्याभरात द्यायचा होता. तो गेला नाही तर आम्ही दोघंही सहा वर्षं बाद, आणि मेहुण्यांना पुढच्या खेपेला पुन्हा उभं राहायचं होतं! हौस बघा माणसाची! त्यांनी रंगाच्या दुकानातला कागद माझ्यापुढे ठेवला. खाली उमेदवाराची सही हवी होती.

मी कागद वाचला. बेरीज चुकली होती. ढळढळीत चुकली होती! माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला, टोपण निघालं, पेन त्या आकड्यावर आलं.

"भाऊजी!" मेहुणे म्हणाले.

"अहो!!" बायको म्हणाली.

मी पेन खाली आणलं आणि मुकाट्यानं सही केली. छोटी नाही, पूर्ण.

बेरीज नव्वदनं चुकलेली आहे. तुम्हाला म्हणून सांगितलं, आमच्या घरात बोलू नका.