सोमवारचं मौन आणि गौरव्वा

मौन पाळण्यात बसम्मांचा हात धरणारं अख्ख्या उत्तरेश्वर पेठेत कोणी नव्हतं. सोमवारी पहाटे आंघोळ करून कपाळाला विभूती लावली, की संध्याकाळी दिवा लागेपर्यंत त्यांच्या तोंडून अक्षर निघायचं नाही. दूधवाल्याला बोट दाखवायचं, गॅसवाल्याला मान हलवायची. एकदा पायावर वरवंटा पडला, तेव्हाही त्यांनी फक्त डोळे मोठे केले होते. लिहूनही दाखवायच्या नाहीत. लिहिणं म्हणजे हातानं बोलणंच की. खुणा तेवढ्या चालतात, कारण खुणांना अक्षरं नसतात, असा त्यांनी स्वतःच निवाडा करून टाकला होता.

"त्यात अवघड ते काय?" असं त्या मंगळवारी कोणालाही सांगायला तयार असायच्या. विचारायला मात्र कोणी यायचं नाही.

मालक गेले, मुलगा मृत्युंजय हैदराबादला राहायला गेला, तेव्हापासून बाकीच्या वारीही त्या घरात बोलणं असं फारसं नव्हतंच. पण इतर दिवशी घर आपलं आपण गप्प असायचं आणि सोमवारी ते बसम्मांच्या हुकमानं गप्प असायचं. हा फरक त्यांना फार मोठा वाटायचा.

बोलायला होती ती गौरव्वा, त्यांची मांजर. पांढरी, पाठीवर राखेचा हात पुसल्यासारखा डाग, आणि चेहरा असा की सासरी मन लागत नसलेली थोरली जाऊ. बसम्मा तिला भाजीचे दर सांगायच्या, सुनेचा फोन आला नाही हे सांगायच्या, आणि गौरव्वा ऐकता ऐकता डोळे मिटायची. सोमवारी बसम्मा गप्प झाल्या की ती रुसून कोनाड्यात जाऊन बसायची.

तर त्या सोमवारी बसम्मा नेमाप्रमाणे समईच्या वाती वळत होत्या. गुडघ्यावर कापूस ठेवायचा, तळव्यानं रेटायचा. वात कशी दोऱ्यासारखी लांबसडक निघायची. शेवटची वात ताटलीत ठेवून त्या तेल आणायला उठल्या आणि मागं वळून बघतात, तर गौरव्वाच्या तोंडात वातीचं टोक.

"अगं सोड!" एवढं म्हटलं असतं तर मांजर पळालं असतं आणि वात जमिनीवर पडली असती. पण वार सोमवार. बसम्मांनी टाळी वाजवली. गौरव्वाला वाटलं, कौतुक चाललंय. तिनं ताटातली शेवटची शेवई ओढावी तशी वात ओढून घेतली आणि मिशा पुसल्या.

पूजा होईपर्यंत तिला उमासे सुरू झाले. दूध हुंगलं, तोंड फिरवलं. पंजानं गाल खरवडायला लागली. लाळ गळायला लागली. संध्याकाळपर्यंत थांबणं शक्य नव्हतं, आणि त्यांचा स्वतःवर विश्वास होता. दुखणं मांजराचं, तपासणार डॉक्टर. आपण बोलायचं काय त्यात?

गौरव्वाला बुट्टीत घातलं, वरून दुसरी बुट्टी पालथी घातली, जुन्या लुगड्याच्या काठानं आवळून बांधलं आणि रंकाळ्याच्या रस्त्यावरचा जनावरांचा दवाखाना गाठला.

दवाखान्यात बाकावर विजयसिंह नावाचे एक गृहस्थ बसले होते. मिशा तालमीतल्या, आवाज मैदानातला, आणि मांडीवर मुठीएवढं कुत्रं, त्यालाही स्वेटर घातलेलं. त्यांनी बुट्टीकडं बघितलं.

"कोंबडी काय, मावशी?"

बसम्मांनी मान हलवली. आतून गौरव्वा ओरडली.

"मांजर हाय व्हय. काय झालंय त्याला?"

बसम्मांनी ओठांवर बोट ठेवलं.

"झोपलंय म्हणती," विजयसिंहांनी बाकावरच्या सगळ्यांना सांगितलं. झोपलेलं मांजर बुट्टीसकट उडत होतं.

एवढ्यात डॉक्टर संयोगिता बाहेर आल्या. तरुण, चटपटीत, केस वर बांधलेले. "मावशी, काय त्रास आहे? लस कधी दिली होती? जंताचं औषध?"

बसम्मांनी हात जोडले.

"ऐकू येत न्हाय त्यांना," विजयसिंह म्हणाले. "जोरात बोला."

मग डॉक्टर जोरात बोलल्या. विजयसिंह त्याहून जोरात बोलले. त्यांचं कुत्रं भुंकलं. पलीकडं कोणीतरी पोपट घेऊन आलं होतं, तो पोपट "जंत, जंत" म्हणायला लागला. बसम्मांना दोन्ही कानांनी उत्तम ऐकू यायचं. मृत्युंजय गेल्यापासून इतकं ऐकू आलं नव्हतं.

त्यांनी पदर सावरून बाकावर बैठक मारली आणि गुडघ्यावर तळवा रेटून वात वळून दाखवली.

"गुडघं धरल्यात," विजयसिंहांनी निदान केलं. "मावशी, तो दवाखाना पलीकडं. हितं जनावरांचं बघत्यात."

बसम्मांनी कपाळाला हात लावला. मग बुट्टीकडं बोट दाखवलं, तोंड उघडून गिळल्याची खूण केली, आणि अडकलंय कुठं हे कळावं म्हणून स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं.

बाकावरच्या सगळ्यांनी माना पुढं काढल्या.

"गळ्यातलं गिळलंय," विजयसिंह हलक्या आवाजात म्हणाले. "डागिना गेलाय मांजराच्या पोटात. बघा की, गळा मोकळा हाय."

बसम्मांनी पंजा पसरून जोरजोरात हलवला. नाही, नाही.

"पाच तोळं!"

पुढचं फार भराभर झालं. ज्यांचा नंबर आधी होता त्यांनी आपणहून वाट दिली. पोपटवाल्या बाईंनी बसम्मांना पाणी दिलं आणि पाठीवरून हात फिरवला. चहावाला कपबशा घेऊन आला तो परत गेलाच नाही. एरवी उत्तरेश्वरात वर्षभर विचारणारं कोणी नव्हतं, आणि इथं अनोळखी मंडळी पाच तोळ्यांसाठी त्यांच्याबरोबर हळहळत होती.

गौरव्वाचा एक्सरे काढला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला. खिडकीबाहेरून सगळ्यांनी बघितला.

"सोनं तर नाहीच," डॉक्टर म्हणाल्या. "काहीच दिसत नाही. मावशी, दागिना घरात शोधा. मांजराला मळमळीचं औषध देते. घरी न्या."

"न्हाणीत बघा," विजयसिंह म्हणाले. "आमच्या आईचं पाटली-बिलवर सगळं न्हाणीतच सापडायचं."

बसम्मा हलल्या नाहीत. गौरव्वा टेबलावर पोट टेकून बसली होती. तिनं मान लांब केली, बसम्मांच्या मनगटावर हनुवटी ठेवली आणि पुन्हा तिला एक उमासा आला. आता हिला बुट्टीत घालून घरी न्यायचं. संध्याकाळी दिवा लावायचा. मग मौन सुटेल आणि बोलायला समोर कोण असेल?

"समईची वात गिळलीय तिनं," बसम्मा म्हणाल्या. "लांब वात. कापसाची."

आवाज इतका हळू होता की पोपटसुद्धा गप्प झाला.

"आयला," विजयसिंह म्हणाले. "बोलत्यात की."

"अहो मावशी, कापूस एक्सरेत कसा दिसेल?" डॉक्टरांनी हातमोजे चढवले. "आणि सोन्याच्या नादात मी जीभ उचलून बघितलीच नाही." त्यांनी गौरव्वाला गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि जीभ वर केली. जिभेच्या मुळाशी वातीचा वेढा बसला होता, बाकीची आत गेली होती. बसम्मांनी हात पुढं केला.

"ओढायचं नाही. ओढलं तर आत आतडं कापतं." डॉक्टरांनी बारीक कात्रीनं वेढा तोडला. "आता हिला इथंच ठेवू. वात आपोआप उतरली तर बरं, नाहीतर पोट उघडावं लागेल. पण आधी का नाही बोललात?"

"सोमवार आहे," बसम्मा म्हणाल्या.

आणि तोंड उघडलंच होतं, म्हणून त्या पुढंही बोलल्या. मौनाचं सांगितलं. टाळीचं दोनदा सांगितलं. मग वाती कशा वळायच्या ते सांगितलं, मुलाच्या हैदराबादच्या घराला गॅलरी नाही हे सांगितलं, मालकांना कुठली आमटी आवडायची ते सांगितलं. कुत्र्याचं स्वेटर कुठल्या टाक्यानं विणायला हवं होतं तेही सांगितलं. चहा दोनदा झाला.

"मघाशी गप हुत्या तेच बरं हुतं," विजयसिंह डॉक्टरांच्या कानात म्हणाले. पण उठले नाहीत.

रिकामी बुट्टी घेऊन बसम्मा घरी आल्या. दिवा लावला. मौन सुटायची वेळ झाली होती आणि आज सोडायला मौनच नव्हतं. कोनाड्याकडं बघून त्या म्हणाल्या, "आज फार बोलले गं." कोनाड्यात कोणी नव्हतं.

बुधवारी दवाखान्यातून फोन आला. वात उतरली होती. पोट उघडावं लागलं नाही.

त्यानंतर गौरव्वासारखं जपलेलं मांजर कोल्हापुरात नसेल. लस झाली, जंताचं औषध झालं. मग कान साफ करायला, मग नखं बघायला, मग नुसतं वजन करायला बुट्टी दवाखान्यात जायला लागली.

"मावशी, ठणठणीत आहे हो ही," डॉक्टर म्हणायच्या.

"ते दिसतंय. पण वेळेवर दाखवलेलं बरं," असं म्हणून बसम्मा विजयसिंहांशेजारी बाकावर सरकून बसायच्या. त्यांचं कुत्रंही ठणठणीतच असायचं.

मोडलेलं व्रत त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं आहे. फक्त आता मौन सोमवारी नसतं, मंगळवारी असतं. महादेवाला काय, सगळे वार त्याचेच, असा त्यांचा निवाडा आहे.

आणि मंगळवारी दवाखाना बंद असतो.