थोरल्या गाडीच्या सीमोल्लंघनाची हकीकत

वायू, इंधन आणि ठिणगी या तिन्ही दैवतांस, जी एकत्र आलिया स्वारी चालते आणि रुसलिया ढकलावी लागते, दंडवत. शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सर, आश्विन मास. ते समयी एका संस्थानी, ज्याचे नाव लिहिलिया नातलग वाचतील आणि मागाहून बोलणी खावी लागतील सबब लिहिले नाही, श्रीमंत आबासाहेब राज्य करीत होते. राज्य म्हणजे पुढे अंगण, मागे पत्र्याची शेड, आणि शेडीत थोरली गाडी. ही गाडी आबासाहेबांचे तीर्थरूप यांनी तरुणपणी खरेदी केली आणि तिजवर लेकरांइतकी माया केली, आणि कन्या अक्कासाहेब यांस शेजारी बसवून ती हाकावयास शिकविली, आणि मग कैलासवासी जाहले. मग अक्कासाहेब धाकट्या बंधूंस बोलिल्या की गाडी मला दे, मी चालती ठेवीन. आबासाहेब बोलिले की मीच ठेवीन. आणि ठेविली, परंतु शेडीत. गाडीवर गोणपाट आणि गोणपाटावर कोंबडी, ऐसा बंदोबस्त जाहला. हे अक्कासाहेबांनी एकवार डोळां पाहिले आणि घाटापलीकडे सासरी गेल्या, त्या पुन्हा माहेरचा उंबरा चढल्या नाहीत.

यंदा वर्तमान आले की अक्कासाहेब दसरा होताच लेकाकडे दूरदेशी कायमच्या जाणार. आबासाहेबांचे कुटुंब माईसाहेब यांनी फोनवर गळ घातली की एकवार सोने द्याघ्यावयास या. जबाब आला, "बाबांच्या गाडीतून न्यायला ये म्हणावं त्याला. चालवत. टेम्पोवर घालून नको." हे ऐकोन आबासाहेब त्या दिवशी जेवले नाहीत. बहीण गेली म्हणजे पुढे भांडावयासही कोणी उरणार नाही, हे त्यांस उमगले आणि फार वाईट वाटले.

मग मोहीम मांडिली. हणमंत मिस्त्री नामे मातबर फिटर बोलाविला, कोंबडीस शेडीबाहेर मुक्काम दिला आणि बॉनेट उघडिले. कार्बुरेटर म्हणजे गाडीचा मुदपाकखाना. तेथे पेट्रोल आणि हवा कालवून इंजिनास वाढितात. तो उघडिला तो आत पेट्रोलची काकवी जाहलेली. मग मिस्त्रींनी पुर्जा पुर्जा सोडविला आणि धुतला आणि पेट्रोल सुटावयाच्या बारीक भोकाची नवी जेट, नवी वायसरे घातली, आणि चहापानास गेले. तेवढ्यात आबासाहेबांनी यथासांग पूजा करून कार्बुरेटरचे झाकण स्वहस्ते आवळिले. आणि गाडी पहिल्याच चावीस सुरू जाहली, आणि माईसाहेबांनी पेढे वाटिले.

मग स्वारी घाटाकडे कूच करिती जाहली. सपाटीस गाडी वाघ. परंतु दुसऱ्या वळणाची चढण लागताच आचके देऊ लागली आणि उभी राहिली. मिस्त्री खाली उतरोन पाहतात तो काही नाही. विडी ओढून होईपर्यंत थांबले आणि चावी फिरविली, तो सुरू. मग तोंड माघारी केले आणि गाडी घराकडे ऐसी निघाली की संध्याकाळी गोठ्याकडे बैल निघावा.

मसलत बैसली. मिस्त्री बोलिले, दोष पेट्रोलच्या पंपाचा. पंप बदलिला. मग बोलिले, टाकीचे झाकण हवा घेत नाही. त्यास भोक पाडिले. मग प्लग बदलिले, ठिणगीचे पॉइंट घासले. दरखेपेस कार्बुरेटरही उघडीत आणि त्याच्या तळच्या वाटीतले पेट्रोल न पाहता परसात फेकीत आणि जेट फुंकून आरपार पाहात आणि चहापानास जात. आणि आबासाहेब पूजा करून झाकण लावीत. आणि दरखेपेस त्याच वळणास गाडी त्याच रीतीने उभी राही. शेजारी बोलिले, दृष्ट लागली. मग पुढे लिंबू-मिरची बांधिली, आणि गाडी लिंबू-मिरचीसह बंद पडली.

खंडेनवमी उजाडली. मिस्त्री हात टेकून बोलिले, "आबा, माझं डोकं चालंना. गाडी घरात ठणठणीत आन् घाटात आजारी. शाळा बुडवनाऱ्या पोरागत."

माईसाहेब बोलिल्या, "अक्कांना विचारा."

"ज्या गाडीसाठी तिच्याशी भांडलो, ती दुरुस्त कशी करू हे तिलाच विचारू?"

"मग काय कोंबडीला विचारता?"

आणि माईसाहेबांनी फोन लावून श्रीमंतांच्या कानास लाविला.

"कोण?"

"मी," आबासाहेब बोलिले. "गाडी चढणीला मरते, अक्का."

"एकदम, का आचके देत?"

"आचके देत."

"थांबल्यावर पुन्हा लागते?"

"लागते."

"मग वाटीत कचरा आहे. चढणीला पेट्रोल जोरात ओढलं की जेटवर जाऊन बसतो. इंजिन बंद झालं की बाजूला होतो."

"अगं, वाटी दर वेळी धुतो आम्ही."

"धुतल्यावर काय करता? क्रमानं सांग. काही गाळू नकोस."

आबासाहेबांनी क्रमाने सांगितले. धुतो, पुसतो, फुंकतो, मिस्त्री चहाला जातो, मी पूजा करतो, झाकण लावतो.

"थांब. पूजा झाकण लावायच्या आधी?"

"मग? देव गाभाऱ्यात असतो. दारावर वाहून आत कसं पोचणार?"

"काय पोचणार?"

आबासाहेब उत्तर देणार तोच त्यांस उत्तर सापडले, आणि आवाज खाली गेला. "अक्षता," ते बोलिले.

पलीकडून जे ऐकू आले ते हसणे की रडणे, हे श्रीमंतांस निश्चयाने कळले नाही. मग अक्कासाहेब बोलिल्या, "बाळ्या, बाबा बॉनेटवर वाहायचे रे. बॉनेट बंद करून." श्रीमंतांस बाळ्या म्हणावयाचा अधिकार पृथ्वीवर या एकीसच.

"मला कुठून ठाऊक असणार? पुढे तू बसायचीस. मला मागून काही दिसायचं नाही."

यावर अक्कासाहेब "उद्या ये," इतकेच बोलिल्या आणि फोन ठेविला.

तत्काळ कार्बुरेटर उघडिला. वाटीच्या तळाशी, जेटास खेटून, कुंकवाने माखलेला एक तांदूळ स्वस्थ बैसला होता. मिस्त्रींनी त्याजकडे पाहिले, आबासाहेबांकडे पाहिले, आणि त्या दिवशी प्रथमच चहास नाही म्हणाले. आबासाहेबांनी तो दाणा रुमालात बांधून खिशात ठेविला.

दसऱ्यास बॉनेट बंद करून पूजा जाहली, आणि स्वारी दुसरे वळण चढली, आणि तिसरे, आणि घाट उतरून अक्कासाहेबांच्या फाटकाशी ठाकली. अक्कासाहेब वाटच पाहात होत्या. त्या गाडीस एक फेरी घालून हाकणाऱ्याच्या दाराशी आल्या आणि ते उघडून बोलिल्या, "सरक." आबासाहेब सरकले. आयुष्यात प्रथमच त्यांस या गाडीत पुढली डावी जागा लाभली, आणि तेथून घाट चांगला दिसतो हे त्यांनी पाहिले. परतीची चढण लागली तेव्हा ते श्वास रोखून बैसले. अक्कासाहेबांनी गियर बदलिला आणि रस्त्यावरची नजर न काढता बोलिल्या, "श्वास घे. चालते आहे."

घरी माईसाहेब औक्षणाचे तबक घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. अक्कासाहेबांनी उंबरा चढून ते तबक आपल्या हाती घेतले आणि वळून बोलिल्या, "तो दाणा कुठाय?" आबासाहेबांनी रुमाल सोडिला. मग अक्कासाहेबांनी बंधूंचे कपाळी कुंकू लाविले आणि त्यावर तोच तांदूळ चिकटविला आणि बोलिल्या, "अक्षता इथं लावायच्या असतात, बाळ्या." त्या तांदळास पेट्रोलचा वास येत होता, आणि श्रीमंतांच्या डोळ्यांस पाणी आले ते त्या वासाने, ऐसे त्यांनी सर्वांस सांगितले.

सारांश, दोष पंपाचा नव्हता, टाकीचा नव्हता, दृष्टीचाही नव्हता. अक्कासाहेब ठरल्याप्रमाणे लेकाकडे गेल्या. गाडी चालती आहे. दर रविवारी आबासाहेब ती सुरू करून बॉनेटपाशी फोन धरितात, आणि पलीकडून अक्कासाहेब ऐकतात. येणेप्रमाणे घडले तैसे लिहिले.